धन्यवाद म्हणणारा चौकीदार

आमच्या चौकीदारांनी पहिला धन्यवाद म्हटला तो तिरोड्याच्या एसटीत, कंडक्टरला. तिकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "धन्यवाद भाऊ." कंडक्टरनं वळून असं पाहिलं, जसं काही ह्यांनी त्याला शिवी दिली. मीही पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

चौकीदार म्हणजे माझा नवरा. आमच्या गावच्या तलावातून जी नहर निघते, तिचं गेट उघडायचं आणि बंद करायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. आधी काही वर्षं चोरखमाऱ्याच्या तलावावर होते, मग इथे आले ते इथलेच झाले. मी गावची अंगणवाडी सेविका. संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि नोकरीनं तो पक्का केला. पोराला वजनकाट्यावर ठेवताना आई हळूच आपला हात खाली टेकवते, हे मी पाठ फिरवलेली असतानाही ओळखते.

आमच्याकडे आपल्या माणसाला कोणी धन्यवाद म्हणत नाही. शेजारीण वाटीभर लोणचं देते, आपण आठ दिवसांनी त्याच वाटीत चार वड्या घालून परत करतो, झालं. धन्यवाद असतो फक्त कार्यक्रमात, आणि तोही शेवटी. आभार मानायला एक जण उभा राहिला की बाकीचे चपला शोधायला लागतात. त्यामुळे माणूस उठता-बसता आभार मानू लागला की मला एकच कळतं. ह्यानं कार्यक्रम आवरता घेतला आहे.

त्या आठवड्यात त्यांनी हापशी दुरुस्त करणाऱ्याला धन्यवाद म्हटलं, वांगी विकणाऱ्या बाईला म्हटलं, एवढंच काय, धार काढून झाल्यावर गाईलाही म्हटलं. मला मात्र एकदाही नाही.

शेजारच्या शकुंतलाबाईंनी कुंपणावरून आपलं मत दिलं. "जमुनाबाई, या वयात मानूस असा गोड बोलाले लागला तं समजून घ्या. कोनीतरी हाय."

"असल तं असू द्या," मी म्हटलं. "दोन दिवसांत थे बाईच वापस पाठवल."

तोंडानं असं म्हटलं, पण खिसे तपासले. बिड्यांचं बंडल, गेटची किल्ली आणि एक सुपारी. झोपले असताना तोंडाचा वास घेतला. बिडीचाच होता. मोबाईलमध्ये फोन फक्त तिघांचे, खात्याच्या साहेबांचे, माझे आणि आमच्या मुलीचे. म्हणजे बाई नव्हती, दारूही नव्हती. मग माझी भीती आणखी वाढली. कोणती भीती, ते आता सांगूनच टाकते.

सतरा वर्षांपूर्वी चौकीदार दारू प्यायचे. रोज नाही, पण प्यायचे तेव्हा कामातून जायचे. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे त्याला पाडवा म्हणतात, गावातले अर्धे पुरुष पडलेले होते आणि त्यांत हेही. दोन दिवसांपासून पाऊस थांबला नव्हता. नहर काठोकाठ भरली होती आणि गेट उघडंच होतं. दुपारी शेजारचा पोऱ्या सांगत आला की खालच्या टोल्याकडचा काठ खचून राहिला. काठ फुटला असता तर टोल्यातली, त्या खालच्या वस्तीतली, पंधरा-वीस घरं पाण्यात जाणार होती. मी ह्यांना हलवलं, तोंडावर पाणी मारलं. ह्यांनी कूस बदलली.

मग मी त्यांचा खात्याचा खाकी रेनकोट चढवला, टोपी ओढली आणि गेले. गेटचं चाक ते फिरवताना मी शंभरदा पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता. कसं फिरवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी आले, रेनकोट खुंटीला टांगला, कपडे बदलले आणि चूल पेटवली. संध्याकाळी टोल्यातली माणसं आली. त्यांनी लांबून, पावसातून, गेटवर खाकी रेनकोट पाहिला होता. म्हातारे मंगरूकाका ह्यांच्या पायाच पडायला निघाले. "पुनाराम, तू होता म्हणून आमी हाओ." चौकीदार खाटेवर उठून बसलेले, डोळे लाल, काही कळेना. ते माझ्याकडे पाहू लागले. आणि मी म्हटलं, "असे काय पाहता? तुमीच तं गेले होते. आठवत नाई का?"

नोकरी वाचवायला म्हटलं होतं, एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांनी दारूला हात लावला नाही. टोल्यातली माणसं मान देऊ लागली, खात्यानं प्रशस्तिपत्र दिलं आणि हा माणूस त्या मानाला जागू लागला. पाणीवाटपात सतरा वर्षांत कोणाचा एक शब्द ऐकून घ्यावा लागला नाही. मी मनात पक्कं धरलं होतं की दारूतही आपण कर्तव्य केलं, या अभिमानावर ते उभे आहेत आणि तो अभिमान माझ्या खोट्यावर उभा आहे. खोटं निघालं की माणूस पडणार. मे महिन्याच्या शेवटी ते रिटायर होणार होते आणि नेमके महिनाभर आधी सगळ्यांचे आभार मानत सुटले होते. त्यांना कळलं की काय? कळलं म्हणूनच मला सोडून सगळ्यांना धन्यवाद?

एक दिवस पोरांची खिचडी वाटून झाल्यावर मदतनीस बाईला अंगणवाडी दिली आणि मी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या मागून, सिंदीच्या झाडांआडून तलावाकडे गेले. चौकीदार गेटच्या ओट्यावर बसले होते. कानात वायरी, डोळे मिटलेले. एक हात हवेत वर-खाली चालला होता आणि तोंड चालू होतं. कोणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललेलं, पण समोर माणूस नाही. मी तिथूनच मुलीला, चेतनाला, फोन लावला. ती नागपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते.

"आई, बाबा रॅप ऐकून राहिले," ती म्हणाली.

"थे कोनता रोग होय?"

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिनं सांगितलं. नवा मोबाईल घेतल्यावर जुना तिनं बाबांना दिला, त्यात तिची गाणी तशीच राहून गेली. काही रॅप, म्हणजे तालावर धडाधड बोलायचं. काही सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी, पोटातून गायलेली. बाबांना इंग्रजी समजत नाही, म्हणून ते रविवारी फोन करून अर्थ विचारतात आणि वहीत लिहून घेतात.

"आणि मले काऊन नाई सांगितलं?"

"तू संशय घेशील म्हणून."

मी फोन ठेवला आणि वहीच्या मागे लागले.

वही मला गेटच्या ग्रीसच्या डब्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत सापडली. चौकीदार जेवायला घरी गेले असताना मी ती उघडली. पाचवी शिकलेल्या माणसाचं मोठं मोठं अक्षर. पहिल्या पानावर एका बाईच्या गाण्याचा अर्थ होता. 'ज्या हातांनी मला उचललं त्या सगळ्यांची नावं मला माहीत नाहीत, म्हणून मी सकाळी उठून सगळ्यांचेच आभार मानते.' खाली ह्यांनी लिहिलं होतं, 'मले तं नावं माहीत आहेत. मंग मी काऊन नाई म्हणत?' पुढच्या पानावर एका छत्तीसगढी पोराचा रॅप. त्यानं बापाची सायकल विकून ती चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं आणि आता गाण्यात स्वतःचं नाव घेऊन तो ते कबूल करत होता. त्याखाली लिहिलेलं, 'हा आपल्या दंडारीतलाच गडी दिसते. पन हिंमतवाला. दुसऱ्याचं नाव घेऊन धन्यवाद, आपलं नाव घेऊन चूक. दोन्ही पायजे.'

तरुणपणी चौकीदार दंडारीत, आमच्याकडच्या गावनाटकात, काम करायचे, नाचायचे, गाण्यातून सवाल टाकायचे. ते मी विसरूनच गेले होते. शेवटच्या पानावर त्यांचं स्वतःचं लिहिणं होतं.

'मंगरूकाकानं शिकवलं चाकाले गिरीस लावाले,
कंडक्टरनं थांबवली यष्टी मायी पोर चढवाले.
नाव घेऊन सांगतो भाऊ, लपवून काय करू?
ज्यानं हात देल्ला मले, त्याले कसा विसरू?'

अशी बरीच नावं होती. माझं नव्हतं. आणि सगळ्यांत खाली एकच ओळ, 'पाडव्याच्या त्या पावसात गेट कोनं फिरवलं?' पुढे कोरं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. हा सवाल होता की फुशारकी? उत्तर 'मी' असेल तर त्यांना काहीच माहीत नाही. दुसरं असेल तर सगळं माहीत आहे. वही हातात घेऊन मी तिथेच बसून राहिले. ते जेवून आले तशी मी ती त्यांच्यासमोर धरली.

"याचं पुढं काय हाय?"

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "तूच सांग."

"मले काय माहीत? तुमीच गेले होते."

"जमुना, रेनकोटातून पानी गळून राहिलं होतं. आन् माये अंगावरचे कपडे पायापावतर कोरडे खडंग होते. पायाले चिखलाचा थेंब नाई. मी पेलो होतो, येडा नव्हतो."

म्हणजे पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ओळखलं होतं. सतरा वर्षं मी ज्या खोट्याच्या राखणीला बसले होते, त्याच्या आत कोणी नव्हतंच.

"मंग बोलले काऊन नाई?"

"सगळ्यांसमोर तू मले चांगला मानूस म्हणून टाकलं. तुले खोटी कसा पाडू? मी मनात म्हटलं, आधी तसा होऊन दाखवतो, मंग बोलतो." त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. "आता निरोपाच्या दिवशी माईकवर बोलीन."

तिथे मला राग आला. आनंद नाही, रागच. "पागल झाले का? साहेब राहतील समोर. कामावर पिऊन होतो म्हणून सांगाल? पेन्शन अडकवतील! थ्या पोराची सायकल होती, तुमची नोकरी होय." मी तिथल्या तिथे त्यांच्याकडून वचन घेतलं की त्या ओळीचं उत्तर माईकवर द्यायचं नाही. त्यांनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचाही संशय आला.

निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात सकाळी झाला. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. साहेबांनी तो पाडव्याचा पाऊस काढलाच. अशा कर्तव्यदक्ष माणसामुळे एक टोला वाचला, वगैरे. टाळ्या पडल्या. चेतना नागपूरहून आली होती, ती माझ्या शेजारी बसली. मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत होते आणि ह्यांच्या खिशाकडे. खिशात कागद होता.

चौकीदार माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी दंडारीतला आवाज काढला. पहिल्या दोन ओळींना लोक हसले. तिसरीपासून हाताने ताल धरू लागले. मंगरूकाकांचं नाव आलं तसे ते म्हातारे उठून उभेच राहिले. ज्याचं नाव येई तो आजूबाजूला पाहत होता, खरंच आपणच का म्हणून. कोणीही चपला शोधत नव्हतं.

आणि मग त्यांनी ती ओळ म्हटली. "पाडव्याच्या त्या पावसात गेट कोनं फिरवलं?"

म्हटली आणि थांबले. टोल्यातली पोरं ओरडली, "पुनारामनं!" सगळे हसले. चौकीदार हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पुढे बोलता येत होतं, पण मला दिलेला शब्द ते मोडणार नव्हते. तो सगळा मान, जो सतरा वर्षं त्यांना टोचत होता, तो माझ्या भीतीसाठी ते घरी घेऊन जाणार होते. आणि तेव्हा मला लख्ख कळलं की या माणसावर मी आयुष्यभर नको तो संशय घेतला. हा पडणारा माणूस नव्हता.

मी उभी राहिले. चेतनानं माझा पदर ओढला.

"मी," मी म्हटलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटलं. "गेट मी फिरवलं. पुनाराम झोपला होता."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाही. मी पहिल्यांदा घेतलं, ते असं. साहेब ऑफिसातल्या बाबूच्या कानाला लागले, ते मी पाहिलं. मंगरूकाका माझ्याकडे पाहत होते, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चौकीदारांनी माईक तोंडाशी धरला आणि स्वच्छ सांगितलं, "खरं बोलून राहिली. मी पुनाराम, पिऊन पडलो होतो."

पेन्शनचे कागद अजून वरच्या ऑफिसात आहेत. बाबू म्हणतो, वेळ लागतोच. मला त्या बाबूचा भरवसा नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं पाळीवरून पायीच घरी निघालो. चेतना पुढे गेली होती. गेटपाशी आल्यावर ते थांबले आणि त्यांनी चाकावर हात ठेवला. सतरा वर्षं ज्याला हे विचारायची सोय मी ठेवली नव्हती, त्या माणसानं विचारलं, "जमुना, त्या दिवशी हे लय जड गेलं का?"

"लय," मी म्हटलं, आणि तिथेच बसून मोठ्यानं रडले.