उजेड मागे टाकणारा माणूस

माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी ते भांडण ऐकलं. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. स्वयंपाकघर आणि पलीकडची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणून नुसत्या फळ्या होत्या, आणि कान ही काही झाकण घालून ठेवायची वस्तू नव्हे.

पलीकडे माझे थोरले दीर आणि जाऊबाई.

“दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?” भावजी म्हणाले.

“पोर तापानं फणफणलं होतं. मला काय स्वप्न पडलं होतं, तुमची कुणी बाई पडणार म्हणून?”

“माझी कोण ती? तिकीट काढून आलेली होती. मी जाग्यावर नव्हतो.”

“आणि मी आले नसते, पोराचं काही बरंवाईट झालं असतं, तर तेव्हा काय म्हणाला असतात?”

भावजींच्या चपला दाराकडे गेल्या. एखादं भांडं आदळलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

उलगडा नंतर झाला. भावजी थेटरात बॅटरीवाले होते. सिनेमा सुरू झाल्यावर येणाऱ्यांना अंधारातून खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. त्या दुपारी पोराला ताप चढला म्हणून जाऊबाई धापा टाकत थेटराच्या फाटकाशी गेल्या आणि भावजी निरोप ऐकायला बाहेर आले. तेवढ्यात उशिरा आलेली एक बाई एकटीच आत शिरली, बाल्कनीची पायरी चुकली आणि कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. महिन्याभरानं ती दवाखान्यातच वारली. मॅनेजरनं तिच्या उंच टाचांवर खापर फोडलं. भावजींना कुणी अवाक्षर बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो.

त्यांचं काम मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. फुकटात सिनेमा बघायला गेले होते, पण पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच बघत बसले. ते गिऱ्हाइकाच्या दोन पावलं पुढे चालायचे आणि बॅटरीचा हात मागे वळवून उजेड गिऱ्हाइकाच्या पायांशी टाकायचे. काचेवर बोटं धरलेली, त्यामुळे बोटं लालभडक दिसायची. स्वतःच्या पायांपुढे मात्र काळोख. प्रत्येक पायरी ते टाचेनं चाचपून उतरायचे आणि हळूच म्हणायचे, “सांभाळून, पायरी आहे.” सगळं थेटर त्यांच्या टाचांना पाठ होतं.

पुढे थेटर बंद पडलं, तिथे कपाटांचं दुकान आलं. भावजी घरी बसले. आमचे हे गेल्यावर मीही त्यांच्याच घरी राहायला आले, म्हणून पुढचं सगळं माझ्या देखत झालं.

सुरुवात हसण्यावारी गेली. विजेचं बिल आलं की भावजी ते थेटरातल्या तिकिटासारखं मधोमध फाडायचे आणि अर्धं जाऊबाईंच्या हातात द्यायचे. डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी लिहिलेली चिठ्ठीही फाडून अर्धी त्यांनाच अदबीनं परत केली. डॉक्टरही मिश्कील. म्हणाले, “काका, माझी खुर्ची कितवी?” आम्ही हसलो. भावजींनी मात्र चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला.

मग नातवंडांची नावं गेली, माझं नाव गेलं, स्नानघर कुठे हे गेलं. पोराचा तो ताप गेला, पोरच ओळखू येईना. एवढं सगळं पुसलं गेलं आणि नेमकी ती बाई तेवढी शिल्लक राहिली.

दुपारी आम्ही पडदे ओढून जरा आडव्या व्हायचो. खोलीत काळोख झाला की भावजी उठायचे, उशाखालची बॅटरी घ्यायचे आणि चालू लागायचे. हात मागे, उजेड मागे, आणि मागे कुणी नाही. “या बाई,” म्हणायचे, “सांभाळून.” इतक्या मऊ आवाजात, की माझ्या अंगावर काटा यायचा. तीन पावलं गेले की वळून बघायचे ती येतेय का. त्या वळण्यातच तोल जायचा. पहिल्यांदा मधल्या दाराच्या उंबऱ्याला अडखळून मनगट मोडलं. दुसऱ्यांदा कपाळाला पाच टाके पडले.

“तीच आहे गं,” जाऊबाई मला म्हणाल्या. “कितीदा बसवली तरी उठून येते.”

“अहो, असं काही नसतं,” मी म्हटलं. पण दुपारी त्या मधल्या दारातून जाताना मीही जरा कडेनं जायला लागले होते, ते काही त्यांना सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, विसरभोळेपण नुसतं डोक्यात राहत नाही, पायांतही उतरतं. ते चालत असताना त्यांना बोलायला लावू नका, एका वेळी दोन कामं आता जमणार नाहीत. आणि यापुढचं पडणं खुब्यावर बेतलं, तर उठतील याची खात्री नाही.

ते तापाचं पोर आता पन्नाशीचा बाप्या. माझा पुतण्या. त्यानं ठरवलं, कठड्याची खाट आणायची आणि बाबांना उतरू द्यायचं नाही. चार वाजता कोपऱ्यावरून दूध आणायला जातात, तेही बंद. दूध आणणं एवढं एकच काम भावजी न चुकता करत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की निजवून ठेवलेले पाय महिन्यात चालणं विसरतात. पुतण्या म्हणाला, विसरू देत, मोडण्यापेक्षा बरं. चुकीचं बोलत नव्हता तो. खाट आठवड्यानं येणार होती.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. शिकलेली नाही, पण डोळे आहेत. पहिलं म्हणजे घरातले सगळे पडदे काढून धुवायला टाकले आणि परत लावलेच नाहीत. दुपारी लख्ख उजेड. भावजी उठले, इकडेतिकडे पाहिलं, म्हणाले, “सुटला वाटतं खेळ,” आणि परत आडवे झाले.

दुसरी गोष्ट अशी की चार वाजता ते दुधाला निघाले तेव्हा मी त्यांच्या मागून दोन पावलांवर चालू लागले. बोलले नाही. माझ्या चपलांचा आवाज आला आणि भावजींची चाल बदलली. सावकाश, टाच टेकवत, जुनी चाल. एकदाही मान वळवली नाही. मागे माणूस आहे म्हटल्यावर बघायचं काय? सहाच्या सहा पायऱ्या ते असे उतरले की तरण्या पोरानं बघत राहावं.

पण माझे गुडघे रोज जिना चढण्यातले राहिले नव्हते. मी जाऊबाईंना म्हटलं, उद्यापासून तुम्ही जा.

त्यांनी भाजीची जुडी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, “तिच्या जागी मी चालू?”

“मागं चाला एवढंच म्हणतेय मी.”

“आत्ता चालायचं. तेव्हा मी त्यांना बाहेर बोलावून घेतलं, आणि आता मागं चालायचं.”

मी भाजी निवडत राहिले. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी चपला घातल्या, माझ्याकडे न बघता.

पुतण्यानं दोन दिवस जिन्यात उभं राहून पाहिलं. खाट आली ती माळ्यावर गेली.

त्यानंतर दीड वर्ष भावजी पडले नाहीत. जाऊबाई वाळत गेल्या. जिन्यात आपल्याही मागं कुणीतरी उतरतंय असं वाटतं, म्हणायच्या. मागं वळून पाहिलंत का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, मी कशाला बघू, मला पुढं बघायचं असतं.

भावजी एका गुरुवारी सकाळी झोपेतच गेले. बुधवारी चार वाजता ते दुधाला गेले होते. खुंटीवरची पिशवी घेतली, दार ओढलं, टाचेनं पहिली पायरी चाचपली. दोन पावलांवर जाऊबाई. मी खिडकीत होते. गल्लीत एक सायकल आडवी आली तेव्हा त्यांनी मागे हात करून जाऊबाईंना थांबवलं, सायकल जाऊ दिली, मग हात खाली घेतला. दुकानदारानं दूध दिलं, वर कागदाचा एक चिटोरा दिला. भावजींनी तो फाडला, अर्धा त्याला परत केला. तसेच सावकाश वर आले. दूध पातेल्यात ओतलं, दुधाची रिकामी पिशवी नळाखाली धरून धुतली आणि खिडकीच्या गजाला वाळत घातली.