पायाळू

सून कमरेला कोमट एरंडेल चोळायला बसली आणि त्या जड वासासरशी लालबागच्या चाळीतली ती दुपार आठवली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला होता, खाली संचारबंदी होती आणि वर खोलीत मला कळा सुरू झाल्या होत्या. इस्पितळ गाठणं शक्य नव्हतं, म्हणून चाळीतल्याच सुईणीला बोलावलं. तिने पोटाला हेच तेल लावलं, चाचपलं आणि म्हणाली, “डोकं वर हाय. फिरवून बघते.” तिचे हात बराच वेळ सरकत राहिले, पण मूल फिरलं नाही. दाराशी बसलेली शेजारीण म्हणाली, “पायाळू येतला गो. आता चाळीत कोणाच्या कमरेत उसण भरली तर लाथ मारूक हक्काचो माणूस गावलो.” बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या सुईणीचे हात बघत होत्या. सुईण वरून पोट दाबू लागली, तशा त्या म्हणाल्या, “जोर करू नकोस.” “मग दुसरं काय करू?” सुईण म्हणाली. आधी पाय आले, लहानसे, निळसर. डोकं मात्र अडकलं ते अडकलंच, आणि सुटलं तेव्हा बाळ रडलं नाही. सून आता चोळता चोळता विचारते, “आई, उसणीवर पायाळूची लाथ लागते म्हणतात. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?” मी म्हटलं, “नाही. तू तेलच लाव.”