दुसरी गोलकीपर

तीन मोसम मी आमच्या हॉकी क्लबची दुसरी गोलकीपर होते. पहिलीला काही झालं तरच मी उभी राहायची, आणि पहिलीला कधी काही होत नसे. सामने बाकावरून बघायचे, सरावात मात्र रोज सगळ्यांचे फटके अंगावर घ्यायचे. त्याचं वाईट वाटत नव्हतं. कुणीतरी तयार राहावं लागतंच.

कॅप्टन माझी जिवाभावाची मैत्रीण. ती सिल्लोडची, मी बिडकीनची. कॉलेजात एका खोलीत राहिलो, पुढं शहरातच नोकऱ्या लागल्या आणि पहाटे एकाच स्कूटीवर मैदानावर जायला लागलो.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच बाद फेरी गाठली. पण शेवटच्या साखळी सामन्यात पहिल्या कीपरचा गुडघा दुखावला. दुसऱ्या दिवशी ती चालत होती, तरी पोरी माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या.

सरावाहून येताना आम्ही चहाला थांबलो. मैत्रिणीनं विचारलं, "खरं सांग, वेळ आली तर निभावशील ना?"

"व्हय. पण एक सांगते, कुणाला बोलू नको. मागं पडले ना, तवापासून डावा खांदा धरतो. वरून चेंडू आला की हात उशिरा उठतो. शेकतेय रोज, होईल कमी."

"नाय बोलणार. येडी का तू?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला लई हलकं वाटलं.

चार दिवसांनी मैदानावर गेले तर गोलमध्ये एक उंच, अनोळखी मुलगी उभी. पॅड क्लबचेच, पण पट्टे माझ्या मापाचे होते. ते तिनं सोडून सैल केले होते. आमच्या कोच सरांनी मला बाजूला घेतलं.

"बेटा, बाद फेरीआधी यादीत एक नाव बदलता येतं. जालन्याची आहे ही, चांगली खेळते."

"सर, मला एकदा उभं करून तरी बघायचं होतं."

"तुझा डावा हात उठत नाही म्हणे. कॅप्टननंच सांगितलं."

मी वळून पाहिलं. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. मी बघत राहिले, ती बांधत राहिली.

त्या दिवशी मी रिक्षानं परतले. संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली. दारातूनच म्हणाली, "टीमसाठी केलं मी."

"मग मला सांगायचं ना. मीच नाव मागं घेतलं असतं."

"तू रडली असतीस."

"रडले असते. रडत रडत दिलं असतं. पण मी दिलं असतं."

ती दारातूनच मागं फिरली. खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

उपांत्य सामना बघायला मी गेले, न जाणं जमलंच नाही. पहिल्या कीपरचा गुडघा शेवटपर्यंत टिकला. जालन्याची मुलगी पूर्ण वेळ बाकावर बसून होती, जशी मी बसले असते. एका पेनल्टी कॉर्नरवर आम्ही हरलो. तो चेंडू कुणालाच अडवता आला नसता. संपल्यावर कॅप्टन मैदानातच बसून रडली. एरवी मी धावत गेले असते. पाय उचललेच नाहीत.

खांदा महिन्याभरात बरा झाला. पुढच्या मोसमात मी दुसऱ्या क्लबात गेले आणि तिथं आता पहिली कीपर आहे. बाद फेरीआधी चांगली दुसरी कीपर आणावी का, असं मला आज कुणी विचारलं तर मी आणावी असंच म्हणेन. सरांवर माझा राग नाही, त्या मुलीवर तर नाहीच.

मैत्रीण लग्नकार्यात भेटते. जवळ येऊन बसते, घरच्यांची विचारपूस करते. मीही बोलते, हसते. पण दुखतंय कुठं ते तिला सांगत नाही.