पाण्यात न उतरलेली बहीण

तुमच्या नात्यात असं कुणी आहे का, ज्याचं कौतुक सुरू झालं की तुम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जाता? माझ्या नात्यात आहे. माझी मावसबहीण. माझ्याहून वर्षभरानं लहान, आणि कोकणच्या किनाऱ्यावर पाठीला सिलिंडर बांधून लोकांना समुद्राखाली नेणारी डायव्हर. मी आत जायचे तेव्हा माठात पाणी असेलच, याचीही खात्री नसायची.

त्या उन्हाळ्यात आमच्या शहरात, गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं यायचा. दारोदार निळे ड्रम. गच्चीवर गेलं की बीड बायपासच्या अंगाला नवे टॉवर दिसायचे. त्यांच्या फलकांवर निळाशार स्विमिंग पूल रंगवलेला, आणि त्याच फलकांखालून टँकर धुरळा उडवत जायचे. मी त्यावर पत्रक लिहिलं होतं. पत्रकं लिहिणं मला घरातूनच मिळालं. बाबा वाळूजच्या कारखान्यात, युनियनमधले. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, गणितं पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली. बाबा म्हणायचे, मागणी काय आणि कुणाकडं, हे पहिल्या चार ओळींत कळलं नाही तर ते पत्रक नाही, रद्दी आहे.

आणि तिला घरातून मिळाली विहीर. तिचं गाव पिशोर. होळीपर्यंत त्यांच्या विहिरीला पाणी असायचं. तिच्या वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून तिला त्यात सोडलं. मी जायचे मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर. तेव्हा तळाला खडक, गाळ आणि एखादा बेडूक. ती काठावर उभी राहून दाखवायची, "ताई, इथून उडी मारली मी. इथून." मला आजही पोहता येत नाही. दुष्काळी मुलखातही काहींना पाणी योग्य महिन्यात भेटतं, एवढाच आमच्यातला फरक, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले.

त्या मे महिन्यात ती सुट्टी काढून आमच्याकडं राहायला आली. मावशीही आली. गल्लीतल्या महिला मंडळानं लगेच ठरवलं, हिचा सत्कार करायचा. हंडा मोर्चात घोषणा देऊन माझा घसा बसला होता, तेव्हा मंडळानं मला खडीसाखर दिली होती. हिला हार, श्रीफळ आणि मानपत्र. वर अध्यक्ष काकू मला म्हणाल्या, "मानपत्र तूच लिही गं, तुझ्या हाताला वळण आहे."

मी वही घेऊन तिला गच्चीवर गाठलं. ती पाइप धरून टाकी भरत उभी होती.

"सगळ्यात खोल किती गेलीस?"

"शिकवलंय तेवढं."

"आकडा सांग ना."

"आकड्यानं काय होतंय? खाली जायला अक्कल लागत नाय ताई. धोंडापण जातो."

"शार्क बघितला?"

"एकदा. बारकाच होता. आम्हाला बघून पळाला."

"हे मानपत्रात कसं लिहू मी?"

"लिही की, शार्क हिला भ्याला."

ती हसत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं नाव बघून तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग पाइप माझ्या हातात देऊन ती कठड्याला टेकली.

"मालक आहे. माफी माग म्हणतोय. सोमवारपर्यंत मागितली तर कामावर घेईन म्हणतो, नायतर दुसरी बघतो."

ती सुट्टीवर आलीच नव्हती. तिला काढलं होतं.

झालं ते असं. सहा पाहुणे होते. बोलण्यावरूनच तिनं ओळखलं, आपल्याच शहरातले. बोट ठरलेल्या जागी लागली, नांगर टाकला. तिनं नांगराचा दोर बघितला. रोज तो पाण्यात थोडा सैल पडतो. त्या दिवशी तो तिरपा आणि ताठ होता, धुणं वाळत घालायच्या तारेसारखा. म्हणजे खाली ओढ होती. ती म्हणाली, आज कुणी उतरायचं नाही. पाहुणे चिडले. वर ऊन, पाणी निळं, लाट नाही. एक जण म्हणाला, "मॅडम, एवढ्या लांबून काय बोटीत बसायला आलो का?" दुसरा म्हणाला, "तुमालाच भ्या वाटत असंल तर तुमी बसा, आमी जातो." बोटीवर मालकही होता. तो म्हणाला, उतर, नाहीतर काम सोड. तिनं सिलिंडर काढून ठेवला.

"मग?"

"मग काय, दुसरा डायव्हर होता, तो घेऊन गेला त्यांना."

"आणि काय झालं?" मी ज्या उत्सुकतेनं विचारलं, ती चांगली नव्हती.

"काहीच नाय. आले वर. माशांसोबत फोटो काढले. मला दाखवले पण."

"म्हणजे तुझं चुकलं?"

"नाय. दोर ताठच होता." मग ती म्हणाली, "आईला सांगू नको. पिशोरभर सांगत फिरलीय ती माझं."

मी कबूल केलं. आणि मला आनंद झाला. ज्या मुलीपुढं मी आयुष्यभर कमी ठरले, तिला कामावरून काढलं होतं. तो आनंद गच्चीचा जिना उतरेपर्यंत टिकला. खाली पोचले तोवर मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त मत्सर वाटत होता. विहिरीचा हेवा करणं सोपं होतं, ती तिला आयती मिळाली होती. हे तिनं स्वतः केलं होतं. मालकाच्या तोंडावर नाही म्हणणं हा आमच्या घरचा धर्म. मी तो पाच-पन्नास बायकांच्या गर्दीत, हातात माइक घेऊन पाळते. आणि माझं म्हणणं खरं ठरतं, कारण रिकामे हंडे सगळ्यांना दिसतात. ती एकटी होती, सगळी बोट तिच्या विरुद्ध होती, आणि नंतरही तिला खरं ठरवणारं काही घडलं नाही. तरी ती म्हणते, दोर ताठच होता. हे मला जमलं असतं का? मी मानपत्र लिहायला बसले. शब्द दिला होता, म्हणून त्यात 'सागराचं उदर', 'निर्भय झेप' असलं सगळं भरलं. बाबांच्या हिशेबानं ती रद्दीच होती.

रविवारी दुपारी मारुतीच्या मंदिरात सत्कार झाला. मावशी पहिल्या रांगेत, नव्या साडीत. सोमवार दुसऱ्या दिवशी होता. अध्यक्ष काकूंनी हार उचलला आणि सहज विचारलं, "सांग बाई आमाला, किती खोल जातीस तू?"

ती उठून उभी राहिली. पदराशी खेळणं नाही, घसा साफ करणं नाही.

"काकू, मला कामावरून काढलंय. पाण्याला ओढ होती, मी लोकांना उतरू दिलं नाय, म्हणून. मालक म्हणतो माफी माग. मी मागणार नाय. आधी हे ऐका, मग हार घालायचा का ते ठरवा."

मागून एकीनं विचारलं, "अन् ती माणसं? त्यांचं काय झालं?"

"काही नाय. दुसऱ्यासोबत गेली, फोटो काढून आली."

"मंग उगाच भ्यालीस की गं!" बायका हसल्या. अध्यक्ष काकूंच्या हातातला हार तसाच लोंबत राहिला.

मावशी उठली. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं काकूंच्या हातातून हार घेतला. "व्हय, भ्याली. सहा घरची माणसं व्हती, भ्यायला नको? आणा इकडं." आणि लेकीच्या गळ्यात घातला. मग तिच्याच पाठीत धपाटा मारून म्हणाली, "मला का नाय सांगितलंस, भवाने? मी काय तुझा मालक हाय का?"

आता बायका वेगळ्या हसल्या. चहा आला. मानपत्र वाचायचं राहिलं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला त्याचंसुद्धा वाईट वाटलं. त्या देवळात सगळ्यांत जास्त शब्द माझ्याकडं होते, आणि त्यातला एकही कुणाला लागला नाही.

तिनं माफी मागितली नाही. दुसऱ्या कामासाठी ती अजून किनारे हिंडते आहे. कुठं विचारलं की आधीचं काम का सुटलं, ती खरं सांगते, आणि मालक लोक दुसरी बघतात. डायव्हर किती दमाची आहे हे खोलीवरून, माशांवरून, सिलिंडरच्या वजनावरून मोजणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. मला तिचा हेवा वाटतो, तो त्या बोटीतल्या काही मिनिटांचा.

ते सहा जण आपल्याच शहरातले होते. कदाचित हे वाचणाऱ्यांत त्यांच्यातला एखादा असेल. म्हणून ही मागणी तुमच्याकडं आहे. दिवाळीत तुम्ही टँकरच्या या गावातून समुद्र बघायला जाल. बोटीवरची मुलगी जर म्हणाली की आज उतरायचं नाही, तर हुज्जत घालू नका. कपडे बदला, किनाऱ्यावर परत या, आणि तिच्या मालकाला तिच्यासमोर, मोठ्यानं सांगा की आमची हिच्याबद्दल काहीही तक्रार नाही.