‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्यांना

गाडीचा एसी बंद पडला की तुम्ही मेकॅनिकला आधी काय विचारता: किती लागतील, की का बंद पडला?

मी ‘का’ विचारलं होतं. मंचरच्या एका गॅरेजात त्यानं बॉनेट उघडलं, एका नळीला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “गॅस संपलाय, ताई.”

“संपला म्हणजे? गेला कुठं?”

“गॅस हाय तो. जातोय.”

“बंद नळीत फिरतो ना तो? मग जातो कुठून? गळत असेल तर कुठं गळतंय ते बघा.”

तो हसला. “ताई, घरातल्या कुणा माणसाला पाठवा. त्यांना सांगतो समजावून.”

मी माणूसच होते. गॅस भरून घेतला आणि रागानं धुमसत निरगुडसरला परत आले. वाटेत एसी गार लागत होता. संध्याकाळ होती, रस्ता मोकळा होता. आमचं दोघांचंही समाधान झालं, त्याचं जास्त.

हा एसी आमच्याकडे चैन म्हणून नव्हता. आईला दमा आहे. फेब्रुवारी सरला की आमच्याकडे धुळीचे दिवस येतात. गव्हाची मळणी सुरू होते, ऊसतोडीच्या गाड्या वावरातून रस्त्यावर चढतात, उसाच्या तुऱ्याचा कापूस हवेत उडतो. तेव्हापासून आई मागच्या खोलीत राहते. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला पंचा. चुलीकडे, गोठ्याकडे, ओट्यावर, कुठंही तिला बसू देत नाहीत. देत नाहीत म्हणजे आम्हीच देत नाही. मीसुद्धा. त्या खोलीतून तिला बाहेर काढणारी एकच वस्तू होती, काचा वर केलेली एसीची गाडी.

आणि तिला जायचं असायचं घोडेगावला. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. हुंड्याविरुद्धची, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धची, पाण्याच्या हक्काची. गुलाबी नि पिवळ्या कागदावरची ती पत्रकं आई लिहायची आणि मी बाराखडी त्यांच्यावरच गिरवली. मागची कोरी बाजू माझी असायची. आता ती पत्रकं लिहीत नाही. पण बाजाराच्या दिवशी घोडेगावला एका ओळखीच्या खोलीत बसते आणि डोंगरातल्या गावांतून एसटीनं उतरलेल्या बायांना त्यांच्या हातातले सरकारी कागद वाचून सांगते. काय लिहिलंय, त्याचा अर्थ काय, आता काय करायचं. एवढंच.

त्या मार्चमध्ये तिनं एका बाईला शब्द दिला होता. नवरा गेल्यावर भातखाचरावर तिचं नाव लागायचं राहिलं होतं आणि दिराची हरकत होती. तहसीलला सुनावणी होती. “मी तुझ्या शेजारी उभी राहीन,” आई म्हणाली होती. ती बाई फार बोलत नाही. साहेब समोर आला की तिचा आवाजच जातो, हे आईला माहीत होतं.

आणि एसी पुन्हा बंद पडला.

या वेळी मी नारायणगावला गेले. दुसऱ्या मेकॅनिकनं आधीचा गॅस फुस्सकन हवेत सोडला, नळ्या रिकाम्या केल्या, नवा भरला. “आधीच्यानं जास्त भरला व्हता. आता लई गार लागंल बघा,” म्हणाला. कारण त्यालाही विचारलं. “गाडी जुनी झाली,” म्हणाला. हे माझ्या ओळखीचं उत्तर होतं. आईच्या दम्याबद्दलही सगळे हेच म्हणत: वय झालं, आता बसा घरी. कुणी तपासत नाही. नुसतं सांगून मोकळं होतात.

सुनावणीच्या दिवशी आम्ही निघालो. निरगुडसर सुटलं तेव्हा एसी इतका गार होता की आईनं पदर अंगाभोवती घेतला. अवसरी बुद्रुकच्या अलीकडे रस्ता थांबला. पुढं उसाची ट्रॉली कलंडली होती. मोळ्या रस्ताभर पसरलेल्या, दोन्ही बाजूंना वाहनं खोळंबलेली, आणि रुंदीकरणासाठी खणलेल्या कडेनं मोटारसायकली घुसत होत्या. त्यांच्या चाकांमागून पिठासारखी धूळ उठत होती.

आम्ही थांबलो. जरा वेळानं एसीतून येणारी हवा कोमट झाली. मग गरम.

मी बटणं फिरवली. पंखा वाढवला, कमी केला, बंद करून चालू केला. जाळ्यांतून नुसता वाफारा. काचांवर ऊन येत होतं. आईनं पदर अंगावरून काढला, मग पोलक्याचं वरचं बटण उघडलं. तिच्या श्वासाला बारीक शिट्टी लागली. ती शिट्टी मी लहानपणापासून ओळखते.

“काच खाली घेऊ?”

तिनं बाहेर बघितलं. धुळीतून पलीकडची गाडी दिसत नव्हती. “नको.”

“मग उतरून चालत...”

“कुठं चालत? यातून?”

मागं ट्रक, पुढं टेम्पो. वळवायला जागा नाही. काच खाली घेतली तर ती धुळीनं गुदमरणार, नाही घेतली तर उकाड्यानं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त, कुणाचं तरी बखोट धरावंसं वाटत होतं. “त्या दोघांना आणून इथं मधे बसवलं पाहिजे,” मी म्हणाले. “गॅस संपला म्हणे. तालुक्याची अक्कल संपली!”

आईनं पंप तोंडाला लावला, ओढला, डोळे मिटून थांबली. मग म्हणाली, “भाषण नंतर दे. मला सांग, गार कधी येत होतं?”

“मघाशी. निघाल्यावर.”

“आणि गरम?”

“थांबल्यावर.”

“मागच्या वेळी?”

मी आठवू लागले. मागच्या वेळी मंचरच्या चौकात, गर्दीत. त्याआधी दवाखान्याच्या दारात, चालू ठेवून उभी होती तेव्हा. आणि गॅस भरून परत येताना दोन्ही वेळा गार, मोकळ्या रस्त्याला, उन्हं कलल्यावर.

“म्हणजे गॅस थांबल्यावर संपतो आणि पळाल्यावर भरतो?” आई म्हणाली. श्वास अडकत होता, तरी तिला हसू आलं. “गुणी आहे.”

मी काट्याकडे बघितलं. इंजिनच्या उष्णतेचा काटा नेहमीपेक्षा वर सरकला होता. गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो. उभी असते तेव्हा आतल्या पंख्याला तो ओढून घ्यावा लागतो. वारा कुठंतरी अडत होता.

तेवढ्यात टेम्पोच्या पलीकडचा ट्रॅक्टरवाला खाली उतरला. त्याच्यामागे मळणीयंत्र होतं. तोंडाला उपरणं बांधलेला तो पुढं आला आणि रेडिएटरसमोर बांधलेल्या जाळीवरून त्यानं तळवा फिरवला. भुस्सा, पाचट, धूळ, सगळा थर खाली पडला. मळणीच्या दिवसांत आमच्याकडचा प्रत्येक ट्रॅक्टरवाला हे करतो, न बघता, नाक पुसल्यासारखं. मी हजारदा बघितलंय.

मी गाडीतून उतरून झटक्यात दार लावलं. बॉनेट उघडलं. समोरची काळी प्लास्टिकची जाळी आणि त्यामागची पन्हळी पत्र्यासारखी दिसणारी, एसीचा गॅस वाऱ्यावर गार करणाऱ्या कंडेन्सरची पट्टी यांच्यामध्ये वरून बोटं घातली. बोटांना मऊ काहीतरी लागलं. गोधडीसारखं. ओढलं तर येईना. बाइंडिंगच्या तारेनं नीट, चारही कोपऱ्यांना, पीळ देऊन बांधलेलं होतं. एवढा पीळ आमच्या घरात एकच माणूस देतो.

ती टोमॅटोच्या रोपवाटिकेला लावतात ती बारीक कीड-जाळी होती. दुहेरी घडी केलेली. तिच्यात माती, किडे, उसाचा कापूस असा बसला होता की भोक दिसत नव्हतं. मी तार उलट पिळली, बोटं कापली, जाळी ओढून काढली. आणि गाडीत येऊन बसले.

आई काही विचारत नव्हती. बोलण्यात श्वास घालवायचा नव्हता तिला. आम्ही दोघी त्या हवेच्या भोकाकडे बघत बसलो, दूध उतू जाण्याची वाट बघावी तशा. गरम. गरम. कोमट. मग एका क्षणी तिनं हात पुढं केला, तिथंच धरला, आणि मान हलवली.

रस्ता मोकळा व्हायला पुष्कळ वेळ लागला. गाडी तिथंच उभी होती आणि हवा गार येत होती.

घोडेगावला पोचलो तेव्हा ती बाई तहसीलच्या पायऱ्यांवर बसली होती. तिचा पुकारा होऊन गेला होता. ती एकटी आत गेली होती.

“काय बोललीस?” आईनं विचारलं.

“काय न्हाई. म्हनलं, माझी बाई यायचीये, पुढली तारीख द्या.”

“दिली?”

“दिली. एप्रिलात.” मग आईकडे बघून म्हणाली, “तुमी याल नव्हं? उन्हाचं?”

आईनं हो म्हटलं. पण मला कळलं की तो होकार माझ्या हातातली ती मातकट जाळी पुन्हा बांधली जाते की नाही, यावर अवलंबून होता.

घरी आल्यावर मी जाळी काकांसमोर टाकली. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घर तेच बघतात. मी पत्रकाच्या आवाजात सुरू झाले: न विचारता, न सांगता, आमच्या गाडीत... काकांनी जाळी उचलली, झटकली, उजेडात धरली.

“ट्रॅक्टरला चालती का न्हाई?”

“ट्रॅक्टरची तुम्ही घडीघडी पुसता! ही आत होती, दिसत पण नव्हती!”

“मग पुसायची व्हती.”

“कुणाला माहीत होतं आहे म्हणून?”

काकांनी जाळीची घडी घातली. मग आईकडे न बघता म्हणाले, “वैनीला धूळ लागू नये म्हून बांदलेली. म्हनलं, पुढून हवा घेती गाडी, तर गाळून तरी घेऊ दे.”

आईच्या अंगावर येणारी हवा त्या वाटेनं येतच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही त्या दिवसापर्यंत नीट माहीत नव्हतं. त्यांनी धूळ अडवायला जाळी बांधली, आणि तिनं आईला अडवलं. बंद खिडक्या, ओला पंचा, ओट्यावर बसू नका. तो पीळही त्याच हातांचा, आणि थोडा माझ्याही.

“भावजी,” आई म्हणाली, “मला गाळून ठेवू नका. मला एप्रिलात घोडेगावला जायचंय.”

“एप्रिलात? या उन्हाचं?”

“त्या बाईला शब्द दिलाय.”

काका जाळी घेऊन उठून गेले.

एप्रिलातल्या तारखेला सकाळी अंगणात पाण्याचा आवाज आला. काका फवारणीच्या पाठीवरच्या पंपानं गाडीच्या तोंडावर हळूहळू पाणी मारत होते. आतून काळा चिखल ओघळत होता. मी धावत गेले तर म्हणाले, “नवा पंप हाये, औशदाचा न्हाई. मला येडा समजू नको.” मग पंचा खांद्यावर टाकून आईच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. “वैनी, चला. उशीर व्हईल.”

त्या दिवशी मंचरच्या चौकात आम्ही बराच वेळ अडकलो आणि हवा गार राहिली. सुनावणीला आई त्या बाईच्या शेजारी उभी राहिली. बाई बोलली. निकाल अजून यायचाय.

तेव्हा माझी एक विनंती आहे. हे वाचून झाल्यावर, गाडी थंड असताना, पुढच्या जाळीतून उजेड टाकून आत बघा. कुणी मायेनं काही बांधलं असेल तर सोडवा, आणि बांधणाऱ्याला का ते सांगा. मग घरात जा, आणि जिच्यासाठी तुम्ही खिडक्या लावून घेतल्यात, तिला विचारा: तुला कुठं जायचंय?