लॉनच्या मागच्या अंगणातला अर्धा माणूस

ती घटना आठवली की आजही हातातला मोबाइल पालथा ठेवावासा वाटतो. निवृत्तीआधीचं माझं शेवटचं ठाणं गोंदिया शहराला लागून होतं. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात दवनीवाड्याकडची एक बाई मोबाइल छातीशी धरून आत आली. तिचा भाऊ मुर्री गावाच्या पुढे एका लग्नाच्या लॉनवर चौकीदार होता. दिवाळीला घरी येऊन गेला, त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे मिसिंग दाखल होती. लॉनच्या मॅनेजरने जबाब दिला होता, की तो दिवाळीलाच काम सोडून हैदराबादला गेला. आमच्याकडची माणसं कामाला तिकडे जातातच, त्यामुळे तपास थंडावला होता.

"सायेब, भाऊ सापडला," बाई म्हणाली. "पन अर्धाच हाय."

बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं. तिने मोबाइल टेबलावर ठेवला. लग्नघरच्यांना घरबसल्या जागा बघता यावी म्हणून लॉनवाल्यांनी वेबसाइटवर आभासी सैर टाकली होती. बोट सरकवलं की चित्र गोल फिरतं, जमिनीवरच्या बाणाला बोट लावलं की आपण पुढच्या खोलीत. वरचं झुंबर, खालची फरशी, पाठीमागचं दार, सगळं दिसतं. बाईने सराईतासारखं स्टेज ओलांडलं, जेवणाचा हॉल ओलांडला, मागच्या अंगणात आली आणि चित्र मागे फिरवलं.

कोपऱ्यात जुनी विहीर होती. तिच्याजवळ एक माणूस होता. चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका, गळ्यात गमछा, डावा खांदा उतरलेला. कमरेपर्यंत माणूस आणि कमरेखाली नुसतं गवत. 

"खांद्यावरून वळखलो मी त्याले. घरचे म्हंतेत, मेला म्हनून असा दिसते. वैनी अजून कुंकू लावून राहिली. तिले काय सांगू? जिता हाय का मेला, तेवढंच सांगा सायेब."

भुताची फिर्याद लिहून घ्यायची सोय कायद्यात नाही. मी सायबर विभागातल्या महिला हवालदाराला बोलावलं. तिने चित्र मोठं करून पाहिलं आणि हसू दाबलं.

"सर, हा कॅमेरा स्टँडवर ठेवून चारही दिशांचे फोटो काढतात आणि मग ते एकमेकांना जोडतात. त्या वेळात कोणी चालत असेल तर जोडावर असा कापला जातो. चेहरे तर मुद्दाम पुसट करतात."

म्हणजे त्याला पाय नव्हते, कारण तो चालत होता. बाई तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. फोटो काढणारा नागपूरचा निघाला. त्याने फोनवर सांगितलं, की काम दिवाळीनंतर केलं. हैदराबादला गेलेला माणूस दिवाळीनंतर विहिरीपाशी चालत होता.

मॅनेजरला ठाण्यात बोलावलं आणि चहा पाजला. थेट प्रश्न विचारला की माणूस पाठ केलेलं उत्तर देतो, म्हणून मी फक्त म्हणालो, "भाचीचं लग्न आहे. तुमचं लॉन दाखवा जरा."

गडी खुलला. "ये देखिए साहब, स्टेज. ये एसी हॉल." प्रत्येक ठिकाणी चित्र गरगर फिरवून दाखवत होता. मागच्या अंगणात मात्र त्याचं बोट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं आणि परत फिरलं. मी पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा तिथूनच परत.

"उधर कुछ नहीं है साहब. पीछे का हिस्सा है."

मी माझं बोट ठेवलं आणि चित्र हळूहळू पुढे सरकवलं. विहीर आली. मग तो अर्धा माणूस आला. मॅनेजरने तो कधी पाहिलाच नव्हता. त्या बाजूला तो कधी बोट नेतच नव्हता. खुर्ची मागे ढकलून तो भिंतीला जाऊन टेकला.

"ये कैसे आया? ये तो मर गया है, साहब!"

मग त्याने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

आम्ही लॉनवर गेलो. कॅमेरा जिथे उभा केला होता तिथे मी उभा राहिलो आणि मोबाइल धरून हळूहळू वळलो. मोबाइलमध्ये विहीर आणि तो माणूस, डोळ्यांसमोर नव्या कोऱ्या टाइल्स आणि त्यांवर कारंजं. कारंजं चालू होतं. तहसीलदारांसमोर खोदकाम झालं, पंचनामा झाला. रोषणाईच्या उघड्या तारेला चिकटून तो गेला होता. लग्नसराई तोंडावर आली होती, बुकिंग तुटेल या भीतीने मालक आणि मॅनेजरने त्याला विहिरीत टाकून ती वरून बुजवली. सैर तशीच ठेवली, कारण तिच्यामुळे गिऱ्हाईक येत होतं. किती घरांतली मंडळी हसतखेळत त्या विहिरीवरून बोट फिरवून गेली असतील!

ओळख पटवून झाल्यावर बाई माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही.

"ते मोबाइलमधलं बंद नोका करू सायेब. मी रोज जातो तिथं त्याले भेटाले. अर्धा तं अर्धा, चालून तं राहिला."

पुराव्याची प्रत घेऊन वेबसाइट बंद करण्याचं पत्र मी सकाळीच पाठवलं होतं. तिला ते सांगायला माझी जीभ रेटेना.

बेपत्ता माणूस शोधून दिला की आपलं काम झालं, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. खरं सांगणं भाग होतं, तिच्या वैनीलाही ते हवंच होतं. पण त्या बाईला तिचा भाऊ सापडलेला होता. मी तो तिच्याकडून नेला.