रोगाचं नाव नसलेला डबा

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरच्या बाजारात वांगी निवडत होतो. त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा, आवाज ऐकला आणि कळलंच. दीड वर्ष कॅन्सर होता, डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते. तरी वांगी तशीच हातात धरून मी कितीतरी वेळ उभा राहिलो... कॉलेजपासूनची दोस्ती होती आमची.

दिलीप एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. सावनेरच्या डॉक्टरांपुढे तोंडाचा पट्टा सोडणारा हा माणूस पेशंटपुढे मात्र गप्प. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात लोकांपुढे करायची नाही, हा कायदा त्याच्या अंगात मुरला होता. लग्नाच्या पंगतीत एखादे मामाजी विचारायचे, "जावईबापू, तुमच्या कंपनीची बीपीची गोळी कशी आहे?" "डॉक्टरले विचारा मामाजी," म्हणून हा वडाभाताकडे वळायचा. आम्ही त्याची फार थट्टा केली.

काही वर्षांपूर्वी मुलीने मला मोबाइलवरून औषधं मागवायला शिकवलं. माझ्या शुगरच्या गोळीच्या पानावर नाव, किंमत आणि 'चिठ्ठी जोडा', एवढंच. खाली एका चूर्णाच्या डब्यावर मात्र हसरे आजोबा होते आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गोडाची चिंता सोडा!' जिला स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नाही ती गोळी काय कामाची, असा विचार करून मी शहाण्याने गोळी सोडली आणि चूर्ण धरलं. मग पायाची जखम भरेना. घाबरून दिलीपला दाखवली.

"गोळी काहून बंद केली बे?"

"तिच्या पानावर काही लिहिलंच नव्हतं," मी म्हणालो.

त्याने कपाळाला हात लावला. "अरे, तिले बोलायची परवानगीच नाही! अन् ह्या डब्यावर पाहा, डायबेटीस हा शब्द कुठी दिसून राहिला का तुले? रोगाचं नाव घेऊन बरं करतो म्हटलं, तर पकडल्या जातीन हे लोक. म्हणून नुसतं गोड गोड लिहितात."

तसाच स्कूटरवर बसवून तो मला धरमपेठच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पाय वाचला. पुढे वर्षभर तो मला चारचौघांत 'चूर्णसम्राट' म्हणायचा आणि मीही वरवर चिडायचो. त्याच्या आजारपणातही भेटायला गेलो की खाटेवरून पहिली हाक तीच यायची. त्या हाकेसाठी मी मुद्दाम रोज जायचो.

तेरवी झाल्यावर वहिनींनी त्याचं कपाट आवरायला मला बोलावलं. शर्टांच्या मागे चूर्णाचा एक डबा निघाला. माझ्या डब्यासारखाच मोबाइलवरून मागवलेला. त्यावर उगवत्या सूर्याचं चित्र आणि 'पुन्हा उभे राहा' एवढे तीन शब्द. रोगाचं नाव कुठेही नाही. डबा अर्धा संपला होता. झाकणावर दिलीपच्या अक्षरात उघडल्याची तारीख होती, डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हटलं त्याच आठवड्यातली.

"त्याले सांगू नको, हसंन तो, असं हे तुमच्याबद्दल म्हणाले होते," वहिनी हळूच म्हणाल्या.

डबा मी घरी आणला. टाकवत नाही. सगळं कळणाऱ्या माझ्या मित्राने दार लावून, माझी पावलं वाजण्याआधी घाईघाईत चमचे मोजून दुधात कालवले असतील, हे मनातून जात नाही...

हसलो नसतो रे दिलीप. दूध कोमट करून मीच कालवून दिलं असतं.